रोहिताचा गुलाबी रंग कोणाचा?

वन्यजीव छायाचित्रकारांच्या गप्पांत एक युक्तिवाद हल्ली बिनतोड समजला जातो. रॉ फाइल म्हणजे मुळात फोटो नव्हेच, ती कच्ची नोंद. तिला रंगरूप द्यावंच लागतं. थेट जेपेग काढलात तरी कॅमेरा आतल्या आत तेच करतो. मग स्लायडर किती सरकवायचा हा ज्याच्या त्याच्या आवडीचा प्रश्न! एवढ्यावर कुणी गप्प बसलं नाही तर ॲन्सेल ॲडम्सला साक्षीला बोलावतात. १९४१च्या त्याच्या ‘मूनराइज’चं आकाश नंतरच्या प्रिंटांत त्यानेही काळंभोर केलंच होतं की.

कच्च्या नोंदीची गोष्ट मला मान्य आहे. व्हाइट बॅलन्स मीही बदलतो, सावल्याही थोड्या उचलतो. पण ‘थोडं लागतंच’ यावरून ‘कितीही चालतं’ हे निघत नाही. नैयायिक याला अतिव्याप्ती म्हणाले असते: लक्षण केलं संस्काराचं आणि त्यात बसवली रंगरंगोटी. ॲडम्सचा दाखलाही इथे लागू नाही. त्याचं चित्र कृष्णधवल. रंग सोडून दिलेत हे बघणाऱ्याला आधीच ठाऊक असतं. शिवाय त्या आकाशाच्या काळेपणावरून कुणी कशाची ओळख पटवत नाही.

पक्ष्याच्या रंगावरून मात्र पटवतात. ठाण्याच्या खाडीतले रोहितच घ्या. (फ्लेमिंगो म्हणा हवं तर, आता सगळे तेच म्हणतात.) त्यांचा गुलाबी रंग खाण्यातून येतो. छोटा रोहित मान खाली घालून, चोच उलटी धरून पाण्यातलं नीलहरित शेवाळ गाळतो आणि त्यातली कॅरोटिनॉइड द्रव्यं पिसांत उतरतात. पिल्लू जन्मतः राखाडी असतं, गुलाबी व्हायला त्याला काही वर्षं लागतात. मोठा रोहित बराच फिका, पांढऱ्याकडे झुकणारा. त्याची चोच गुलाबी, फक्त टोकाला काळी. छोट्याची चोच गडद किरमिजी, लांबून काळीच वाटणारी. म्हणजे पक्षी कोणता, वय साधारण किती, खाल्लं काय, हे सगळं त्या रंगात लिहिलेलं असतं. सॅच्युरेशनचा स्लायडर उजवीकडे गेला की मोठा छोट्यासारखा दिसू लागतो आणि वाढत्या वयाचा पक्षी प्रौढ होतो. इथे आवड कुठे आली? ही नोंदीतली खाडाखोड झाली.

नोंद बिघडली की फाइल स्वतःच चुगली करते. ओहोटीच्या वेळी ऐरोलीला काढलेली एक फ्रेम मी मुद्दाम ताणून पाहिली. पक्षी आधी खुलले. मग ओल्या चिखलावर जांभळी झाक आली. आणखी पुढे गेल्यावर पंखावरचा लाल रंग इतका भरला, की पिसांच्या रेघा पुसल्या जाऊन नुसतं सपाट ठिगळ उरलं. चिखल जांभळा दिसला की हात मागे घ्यायचा, ही माझी घरगुती कसोटी. नामांकित स्पर्धांचे परीक्षक अंतिम फेरीत मूळ रॉ फाइल मागतात, ते काही उगाच नाही.

राहिला शेवटचा, सगळ्यात सोज्वळ दावा: भडक चित्रांमुळे लोक निसर्गाकडे वळतात, त्याचं रक्षण करतात. ही खाडी २०१५ साली अभयारण्य झाली, २०२२ साली रामसर यादीत गेली. तिचे फोटो पाहून लोक येतात हे खरंच. येतात आणि काय शोधतात? बोटीत माझ्या शेजारी एक बाई होत्या. हातातल्या मोबाइलवर थव्याचा राणी रंगाचा फोटो, आणि समोर सकाळच्या धुरकट उजेडात फिकट गुलाबी रांग. “एवढेच गुलाबी?” त्या पुटपुटल्या. मग रांगेच्या कडेला उभ्या असलेल्या एका राखाडी पक्ष्याकडे त्यांनी बोट दाखवलं.

“हा आजारी आहे का हो?”

“नाही ताई,” बोटवाला म्हणाला, “लहान आहे अजून.”