वारस आणि बेवारस

गॉथिक कादंबरीची सुरुवात वारसाहक्काच्या तंट्याने झाली. होरेस वॉलपोलची ‘द कॅसल ऑफ ओट्रान्टो’ १७६४च्या अखेरीस लंडनमध्ये निघाली आणि १७६५च्या दुसऱ्या आवृत्तीत ‘गॉथिक कथा’ हे उपशीर्षक तिच्या माथी लागले. एक अवाढव्य शिरस्त्राण वरून किल्ल्याच्या अंगणात कोसळते आणि मालक मॅन्फ्रेडचा एकुलता एक मुलगा ऐन लग्नाच्या दिवशी त्याखाली चिरडून मरतो. मॅन्फ्रेडच्या आजाने ती जहागीर विष घालून बळकावलेली असते. खरा वारस खेडूत पोराच्या रूपात तिथेच वावरत असतो. पुढची पन्नास वर्षे इंग्रजी भयकथेतली बरीचशी भुते याच कामात गुंतलेली दिसतात. ज्याचे त्याला परत मिळाले की ती निमूट निघून जातात.

१ जानेवारी १८१८ रोजी तीन खंडांत प्रसिद्ध झालेल्या ‘फ्रँकेन्स्टाइन’ने हा मामला उलटा केला. इथे भय पूर्वजाकडून येत नाही, संततीकडून येते. आणि त्या संततीला घर, नाव, नाते यांतले काहीच मिळालेले नसते. पुस्तकाच्या पाचशे प्रती छापल्या गेल्या, त्याही लेखकाच्या नावाविना. वॉल्टर स्कॉटसारख्या जाणत्यालाही ते पर्सी शेलीचे वाटले. खरी लेखिका, त्याची पत्नी मेरी शेली, हिचे नाव मुखपृष्ठावर यायला १८२३ उजाडले.

कादंबरीच्या जन्माची हकिकत फार वेळा सांगून झाली आहे. १८१५ साली तांबोरा ज्वालामुखीचा उद्रेक झाला, त्याच्या राखेने १८१६चा युरोपातला उन्हाळा गारठून गेला. जिनिव्हाजवळच्या दिओदाती बंगल्यात पावसाने कोंडलेल्या मंडळींनी भुताची एकेक गोष्ट लिहायचे ठरवले. बायरनने आपली गोष्ट अर्धवट सोडली, त्याचा डॉक्टर पोलिदोरी ‘द व्हॅम्पायर’पर्यंत पोहोचला आणि अठरा वर्षांच्या मेरीला हा विषय सुचला. त्याआधीच्या गोष्टी अधिक बोलक्या आहेत. तिच्या जन्मानंतर अकराव्या दिवशी आई, मेरी वुल्स्टनक्राफ्ट, बाळंतरोगाने गेली. १८१५च्या फेब्रुवारीत मेरीला अपुऱ्या दिवसांची मुलगी झाली, ती दोन आठवड्यांत दगावली. काही दिवसांनी तिने रोजनिशीत एका स्वप्नाची नोंद केली. बाळ नुसते गार पडले होते, शेकोटीपुढे चोळल्यावर ते जिवंत झाले, असे ते स्वप्न. वडील विल्यम गॉडविन तिने पर्सीबरोबर पळ काढल्यापासून लग्न होईपर्यंत तिचे तोंडही पाहायला तयार नव्हते. पुस्तक तिने त्यांनाच अर्पण केले आहे.

कादंबरीचा नायक व्हिक्टर फ्रँकेन्स्टाइन आपण घडवत असलेल्या प्राण्यासाठी लागणारे सामान हाडांची कोठारे, विच्छेदनाच्या खोल्या आणि कत्तलखाने इथून जमवतो. तेव्हाच्या वाचकाला यात कल्पनेचा भाग फारसा वाटला नसावा. १७५२च्या कायद्याने इंग्लंडमध्ये फाशी गेलेल्या खुन्यांची प्रेते शल्यविशारदांना विच्छेदनासाठी मिळत, पण शरीरशास्त्राच्या शाळा वाढल्या तशी ती पुरेनात. मग प्रेते उकरून विकणाऱ्या टोळ्या उभ्या राहिल्या. लोक त्यांना ‘रिसरेक्शनिस्ट’, म्हणजे मेलेल्यांना उठवणारे, म्हणत. कायद्याच्या दृष्टीने मृतदेह ही कुणाचीच मालमत्ता नव्हती, कफन आणि कपडे मात्र होती. म्हणून सराईत चोर प्रेत उघडे करून कपडे पुन्हा थडग्यात टाकत आणि केवळ प्रेत घेऊन जात; किरकोळ शिक्षेवर सुटता येई. स्कॉटलंडमध्ये ऐपतदार घरे थडग्यांवर लोखंडी पिंजरे बसवत. एडिनबरोत बर्क आणि हेअर यांनी उकरण्याचे कष्टही वाचवले. १८२८पर्यंतच्या वर्षभरात त्यांनी सोळा माणसे मारून शरीरशास्त्राच्या एका शिक्षकाला विकली. १८३२च्या कायद्याने हा धंदा बंद पडला, तो गरीबखान्यांत आणि इस्पितळांत मेलेल्यांचे हक्क न सांगितलेले देह शाळांना देऊन. खुन्यांसाठी म्हणून जी विच्छेदनाची शिक्षा होती, ती गरिबीच्या वाट्याला आली.

प्राण फुंकण्याची बाजूही हवेत होतीच. बोलोन्याच्या गाल्व्हानीचा भाचा जोव्हान्नी आल्दिनी याने जानेवारी १८०३मध्ये लंडनला, न्यूगेट तुरुंगात फाशी दिलेल्या जॉर्ज फॉर्स्टरच्या देहाला विजेच्या तारा लावल्या. जबडा थरथरला, एक डोळा उघडला, उजवा हात वर उठून मूठ वळली. मेरीने जीव येण्याच्या प्रसंगात मात्र यंत्रे, गडगडाट असले काही दाखवलेले नाही. जीव कसा आला हे व्हिक्टर सांगतच नाही. कडाडणारी वीज आणि तारांचे जंजाळ ही नंतरच्या चित्रपटाची देणगी.

कादंबरीतला तो प्रसंग खरे तर अगदी घरगुती आहे. नोव्हेंबरची रात्र, तावदानांवर पाऊस, मेणबत्ती विझत आलेली. आठ फुटी प्राणी पिवळट डोळा उघडतो आणि त्याच्याकडे पाहताच व्हिक्टर दुसऱ्या खोलीत पळतो. दमून झोप लागते. जाग येते तेव्हा तो प्राणी पलंगाचा पडदा वर धरून उभा असतो. तोंडातून काही अस्फुट आवाज, ओठांवर हसू, एक हात पुढे केलेला. नुकतेच जन्मलेले मूल दुसरे काय करते? व्हिक्टर तो हात चुकवून जिना उतरतो आणि उरलेली रात्र अंगणात काढतो. पुढे जे काही घडते, त्याचे मूळ या हात चुकवण्यात आहे. निर्माण करणे हा कादंबरीतला गुन्हा नाही, टाकून देणे हा आहे.

मराठीत अशा वेळी भस्मासुराचे नाव निघते, पण उपमा चपखल बसत नाही. भस्मासुर वर मिळताक्षणी देणाऱ्याच्याच डोक्यावर हात ठेवायला धावतो. हा प्राणी आधी माणसांची सोबत शोधतो. एका झोपडीला लागून असलेल्या खोपटात लपून, भिंतीच्या फटीतून माणसांचे बोलणे ऐकत तो भाषा शिकतो. सापडलेल्या चामडी पेटीतून मिल्टन, प्लूटार्क आणि गटेचा वेर्थर वाचतो. पळताना अंगावर घेतलेल्या कोटाच्या खिशात त्याला व्हिक्टरची रोजनिशी मिळते आणि स्वतःच्या घडणीचे किळसलेले टिपण तो स्वतःच वाचतो. कादंबरीच्या मधोमध त्याचे स्वतःचे निवेदन आहे, आणि तो निर्मात्यापेक्षा नीट बोलतो. त्याची मागणी वकिली थाटाची आहे: सोबतीण करून दे, मी माणसांतून कायमचा निघून जातो. व्हिक्टर ऑर्कनीच्या एका बेटावर ती घडवायला घेतो आणि अर्धवट असताना प्राण्याच्या डोळ्यांदेखत फाडून टाकतो. त्यानंतरचे खून हे सूडाचे आहेत.

नंतरच्या लेखकांनी हे नाते आपापल्या परीने वळवले. स्टीव्हन्सनच्या १८८६च्या कादंबरीत डॉ. जेकिल आपल्यातूनच हाइडला काढतो आणि त्याच्या नावे मृत्युपत्र करतो. वकील अटरसनला पहिली शंका येते ती त्या कागदावरून. म्हणजे वॉलपोलचा वारसाहक्क फिरून परत आला. वेल्सचा डॉ. मोरो, १८९६, जनावरांना चिरून माणसे घडवतो आणि मनासारखी उतरली नाहीत की बेटावर मोकाट सोडून देतो. तो व्हिक्टरचा सर्वांत सरळ वंशज.

मूळ प्राण्यावर खरा अन्याय रंगभूमीने केला. रिचर्ड ब्रिन्स्ली पीकच्या नाटकाचा प्रयोग जुलै १८२३मध्ये लंडनच्या इंग्लिश ऑपेरा हाऊसमध्ये लागला. त्यात प्राण्याची वाचाच काढून घेतली होती आणि घाबरट नोकर फ्रिट्झ नव्याने घुसवला होता. टी. पी. कुकने ती मुकी भूमिका गाजवली. मुकेपणाने सारा तोल बदलला, कारण ज्याला बोलताच येत नाही त्याची तक्रारही ऐकावी लागत नाही. जेम्स व्हेलच्या १९३१च्या चित्रपटाने त्यावर कडी केली: नोकर चुकून गुन्हेगाराचा मेंदू आणतो, म्हणजे दोष जन्मजात ठरतो आणि बाप सुटतो.

नाव मात्र कुणीच दिले नाही. १८२३च्या नाटकाच्या जाहिरातपत्रकात कुकच्या भूमिकेपुढे नुसती रेघ होती. प्रयोग पाहून आलेल्या मेरी शेलीला ती पसंत पडली. १९३१च्या चित्रपटाच्या सुरुवातीच्या नामावलीत त्या भूमिकेपुढे प्रश्नचिन्ह आहे. बोरिस कार्लॉफचे नाव दिसते ते चित्रपट संपल्यावर.