वेगाचा शिक्का : ब्राउझर परीक्षक होतो तेव्हा

१/ नोव्हेंबर २०१९. गूगलच्या क्रोम ब्राउझरच्या चमूने जाहीर केले की, जी संकेतस्थळे नेहमीच संथपणे उघडतात त्यांच्यावर तसा ठळक शिक्का मारण्याचा आपला विचार आहे. नमुन्याच्या चित्रात इशाऱ्याचे चिन्ह होते आणि सोबत ‘हे सहसा हळू उघडते’ अशा अर्थाची ओळ. वेगवान स्थळांसाठी हिरवी रेषा. पान आणून दाखवणारा ब्राउझर पानाची प्रतवारी का करू लागला? त्याचा हा इतिहास. #थ्रेड

२/ भारतात १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने मुंबईसह मोजक्या शहरांत सर्वसामान्यांसाठी इंटरनेट खुले केले. त्या दशकाच्या अखेरीस चांगला मोडेमही सेकंदाला फार तर ५६ हजार बिट आणत असे. म्हणजे ७० किलोबाइटच्या एका छायाचित्राला किमान दहा सेकंद! जगभर लोक ‘वर्ल्ड वाइड वेब’ला थट्टेने ‘वर्ल्ड वाइड वेट’ म्हणत. पण दोष दिला जाई तो टेलिफोनच्या तारेला.

३/ पुढे ब्रॉडबँड आले, तार रुंद झाली. तरी प्रतीक्षा संपली नाही. २००७ मध्ये याहूतील अभियंता स्टीव्ह साउडर्स यांनी आपल्या पुस्तकात दाखवून दिले की, वाचकाच्या प्रतीक्षेचा ८० ते ९० टक्के वेळ मूळ पान हाती आल्यानंतर खर्च होतो : चित्रे, स्क्रिप्ट, सजावट गोळा करण्यात. आता दोष तारेवरून पान रचणाऱ्याकडे सरकला.

४/ एप्रिल २०१० मध्ये गूगलने शोधनिकालांच्या क्रमवारीत वेगाचा विचार सुरू केला. जुलै २०१८ पासून मोबाइलवरील शोधालाही तो निकष लागू झाला. मात्र ही शिक्षा अदृश्य होती. क्रम का घसरला, हे वाचकाला कळत नसे.

५/ त्याच जुलै २०१८ मध्ये क्रोमने एचटीटीपीवर चालणाऱ्या सर्व स्थळांपुढे ‘सुरक्षित नाही’ अशी पाटी लावली. वाचकाच्या डोळ्यांसमोर शिक्का मारण्याची वाट रुळली होती. २०१९ची कल्पना हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल.

६/ पण इथे एक मूलभूत फरक आहे. जोडणी एन्क्रिप्टेड आहे की नाही, याचे उत्तर ‘हो’ किंवा ‘नाही’ असते. वेगाचे तसे नाही. तेच पान नव्या फोनवर क्षणात उघडते आणि जुन्या फोनवर, अशक्त नेटवर्कवर रेंगाळते.

७/ क्रोमची मोजणी होते ती खऱ्या वापरकर्त्यांच्या अनुभवावरून. ही आकडेवारी २०१७ पासून जाहीरही होते. मग ज्या स्थळाचे बहुतेक वाचक स्वस्त फोन वापरतात, त्याचे काय? वाचकांची गरिबी स्थळाच्या नावे दोष म्हणून मांडली जाण्याचा धोका इथे होता.

८/ मे २०२० मध्ये गूगलने तीन कसोट्या मांडल्या : मुख्य मजकूर २.५ सेकंदांत दिसावा, पहिल्या स्पर्शाला १०० मिलिसेकंदांत प्रतिसाद मिळावा आणि वाचताना पानावरील मजकूर इकडेतिकडे सरकू नये. चारपैकी तीन भेटींत कसोटी उतरली, तर ते पान उत्तम.

९/ ऑगस्ट २०२० मध्ये अँड्रॉइडवरील क्रोम ८५ सोबत शिक्का आला, पण उलट्या रूपात! दुव्यावर बोट दाबून धरले की उघडणाऱ्या यादीत, तिन्ही कसोट्यांना उतरलेल्या पानासाठी ‘वेगवान पान’ ही खूण दिसू लागली. मंदांना कलंक लावण्याऐवजी वेगवानांचा गौरव करणे क्रोमने पसंत केले.

१०/ शिक्क्यामागचा हेतू वाचकहिताचाच होता. जड पानांनी गरीब वाचकाचा डेटा आणि वेळ दोन्ही खर्च होतात. परंतु पाने जड होण्याचे एक मोठे कारण म्हणजे जाहिरातींच्या स्क्रिप्ट, आणि जाहिरातींचा सर्वांत मोठा व्यवहार गूगलचाच. तराजूही त्याचा, बाजारही त्याचा. म्हणून असा कोणताही शिक्का दिसला की दोन प्रश्न अवश्य विचारावेत : मोजले काय, आणि मोजले कोणी?