जुना डाग आणि समाजाचा खर्च

सनद वा परवाना देण्यापूर्वी माणसाचा गुन्ह्याचा पूर्वेतिहास पाहावा, यात गैर काही नाही. प्रश्न एवढाच, की जुना डाग किती काळ धरून ठेवावयाचा? त्याचे एक उत्तर आपल्या खानदेशाने फार पूर्वी दिले आहे.

१८१८ साली येथे इंग्रजी अंमल आला. भिल्लांवर फौजा पाठविण्यात वर्षे गेली, पैसा गेला, माणसे मेली. शांतता मात्र आली नाही. अखेर माफीचे धोरण स्वीकारून १८२५ साली औट्रमने भिल्लांचीच पलटण उभारली. तिचे ठाणे धरणगावी होते. ज्यांना लुटारू म्हणत, तेच मुलखाचे राखणदार झाले.

हा धडा सरकार विसरले. १८७१ च्या कायद्याने जमातीच्या जमाती जन्मतःच गुन्हेगार ठरविल्या. तो डाग कायद्याने पुसावयास १९५२ साल उजाडले.

वकिलांच्या कायद्यातील कलम २४-अ पाहा. नैतिक अधःपतनाच्या गुन्ह्यात शिक्षा झालेल्यास सनद मिळत नाही. पण सुटकेनंतर दोन वर्षांनी ती आडकाठी सरते. बंदीला अशी मुदत हवी. जी बंदी कधीच सरत नाही, तिची किंमत तो एकटा मोजीत नाही. त्याच्या कामाला मुकणारे आपण सारेच मोजतो.