कल्याणची तपासणी, उंढेऱ्याची मोजणी

मुंबईत 1896 च्या सप्टेंबरात प्लेग उघडकीस आला आणि शहर सोडणाऱ्यांनी गाड्या भरून वाहू लागल्या. ठाण्याहून दिव्याच्या खाजणांतून येणारी जीआयपी रेल्वेची वाट कल्याणला फुटते, एक फाटा पुण्याकडे, दुसरा नाशिककडे. रोगाला इथेच अडवायचे ठरले. प्रवाशांना फलाटावर उतरवायचे, नाडी पाहायची, काखेत-जांघेत गाठ चाचपायची आणि संशयिताला मागे ठेवायचे. बंदोबस्त चोख दिसे. पण लागणीनंतर लक्षणे उमटायला साधारण दोन ते सहा दिवस जातात. त्या मुदतीतला माणूस बिनबोभाट पुढे जाई, आणि त्याच्या गाठोड्यातल्या पिसवांना कोण विचारणार? अडवलेल्यांचा आकडा सांगता येई. न अडवता काय झाले असते हे सांगायला तुलनाच नव्हती.

जीवाणुशास्त्रज्ञ हाफकिनने वेगळी वाट धरली. ग्रँट मेडिकल कॉलेजात तयार केलेली लस त्याने 10 जानेवारी 1897 रोजी आधी स्वतःला टोचून घेतली. त्यातून फार तर ती सोसते एवढेच कळले. खरा कस लागला फेब्रुवारी 1898 मध्ये, बडोद्याजवळच्या उंढेरा गावी. तिथे प्रत्येक घरातल्या साधारण निम्म्यांना टोचले, निम्म्यांना नाही. टोचलेल्या 71 जणांत आठांना प्लेग झाला, तिघे गेले; न टोचलेल्या 64 जणांत 27 आजारी पडले, 26 गेले. टोचून घेणारे मुळातच धडधाकट वा सावध असतील, ही शंका रास्त आहे. पण घर, पाणी, उंदीर सारखे ठेवल्यामुळे तिचा जोर बराच ओसरतो.

साथीत पुरावा जमवायला वेळ कुठे, असा आक्षेप येतो. उंढेऱ्याचे उत्तर काही आठवड्यांतच मिळाले होते. दुसरा आक्षेप अधिक जड आहे: 1902 मध्ये पंजाबातल्या मुलकोवालला लस घेतलेले 19 जण धनुर्वाताने दगावले. पण ते सगळे एकाच बाटलीतून टोचलेले होते. इतर बाटल्यांच्या वाट्याला हे आले नाही. म्हणजे दोष हुडकायलाही तुलनाच उपयोगी पडली. हाफकिनवरचा ठपका मात्र पुसायला 1907 उजाडले.

लसीखेरीज एक उपाय लोकांकडेही होता: उंदीर पडू लागले की घर सोडून माळावर झोपड्या घालायच्या, हे गावकऱ्यांना उमगले होते. फ्रेंच डॉक्टर पॉल-लुई सिमाँने 1898 मध्ये पिसवेचा दुवा दाखवला, आणि त्या शहाणपणामागचे कारण कळले. लोकांचे निरीक्षण आणि डॉक्टरांची मोजणी यांची गाठ पडली तेव्हा प्लेगची वाट सापडली. कल्याणच्या फलाटावर मात्र फक्त काखेतली गाठ शोधली जात होती.