इंजिन नसलेल्या गाडीचा इतिहास

इतिहासाच्या पुस्तकात चाकं असतात ती राजांच्या रथाची, तोफांच्या गाड्यांची किंवा रेल्वेची. मुलांच्या हातातल्या गाडीला तिथं जागा मिळत नाही. लाकूड कुजतं, माती फुटते, आणि ती गाडी बनवणाऱ्याचं नाव कुणी लिहून ठेवलेलं नसतं. तरीही ही गाडी जुनी आहे आणि तिचा एक धागा आपल्या महाराष्ट्रातूनच जातो.

प्रवरेच्या काठावर दायमाबाद आहे, जुन्या अहमदनगर जिल्ह्यात. १९७४ साली तिथं एका भिल्ल माणसाला जमीन खणताना काशाच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा आणि बैलजोडीचा रथ. रथ जेमतेम हातभर लांबीचा. त्यात एक माणूस उभा राहून बैल हाकतो आहे. बरेच अभ्यासक या वस्तू उत्तर हडप्पा काळातल्या मानतात, काहींना ते मान्य नाही. वस्तू पूजेच्या की मिरवणुकीच्या, यावरही वाद आहे. पण हडप्पा संस्कृतीच्या वस्त्यांमध्ये मातीच्या छोट्या गाड्या ढिगानं सापडल्या आहेत आणि त्यातल्या कित्येक मुलांच्या खेळण्यातल्या असाव्यात, असं मानलं जातं.

दुसरा पुरावा नाटकातला. शूद्रकाच्या 'मृच्छकटिक' या संस्कृत नाटकाच्या नावाचा अर्थच मातीची गाडी. गोविंद बल्लाळ देवलांनी ते मराठी रंगभूमीवर आणलं. चारुदत्ताचा मुलगा रोहसेन शेजारच्या मुलाच्या सोन्याच्या गाडीशी खेळून आला आहे. घरची मातीची गाडी त्याला नको आहे, म्हणून तो रडतो. वसंतसेना आपले दागिने काढून त्याच्या गाडीत भरते, यातून सोन्याची गाडी करून घे म्हणते. पुढं हेच दागिने न्यायालयात चारुदत्ताच्या विरोधात पुरावा ठरतात. एका मुलाची गाडी सोन्याची आणि दुसऱ्याची मातीची, या फरकावर एवढं मोठं नाटक उभं आहे.

याच फरकावर विसाव्या शतकात एका बापानं वेगळा उपाय शोधला. कॅलिफोर्नियातल्या मॅनहॅटन बीच गावात डॉन मर्फी हे गृहस्थ एका विमान कंपनीत नोकरीला होते. तेव्हा अमेरिकेत मुलं स्वतः बसून उतारावर पळवायच्या गाड्यांची मोठी शर्यत होत असे. मर्फींच्या मुलाचं वय त्या शर्यतीसाठी कमी पडत होतं. त्यांनी १९५३ साली त्याच्या कब स्काउट पथकासाठी छोट्या गाड्यांची शर्यत भरवली. प्रत्येक मुलाला सारखंच सामान दिलं. पाइन लाकडाचा एक ठोकळा, चार चाकं, आसासाठी खिळे. वजनालाही मर्यादा होती. इंजिन नाही, चावी नाही. गाडी उतारावरून सुटते, एवढंच. पुढं हा खेळ 'पाइनवुड डर्बी' नावानं अमेरिकाभर पसरला. कुणाच्या घरी सोनं आहे, हा प्रश्न सुरुवातीलाच बाजूला ठेवलेला होता.

मी भाचीसोबत अशी गाडी केली. इथल्या कारखान्यांतून निघणाऱ्या पॅकिंगच्या पेट्यांची फळी पाइनचीच असते, त्यामुळे लाकडाला पैसे पडले नाहीत. करवत मी धरली, पॉलिश पेपर तिनं. ती आठ वर्षांची आहे. तिचा पहिला प्रश्न होता, "मामू, इंजिन कुठंय?" मी दाराबाहेर बोट केलं. समोर घाट.

खोपोलीच्या शिळफाट्यावर राहणाऱ्याला उताराची वेगळी ओळख करून द्यावी लागत नाही. बोरघाटातली रेल्वे १८५६ ते १८६३ या काळात बांधली गेली. हजारो मजूर तिथं राबले, पटकीनं, अपघातानं मेले. त्यांची नावं आज कुणाला माहीत नाहीत. ब्रेक सुटलेली गाडी अडवायला चढावर वळवणारे फाटे तिथं ठेवावे लागले. १९१५ साली टाटांनी लोणावळ्याकडच्या तलावांचं पाणी मोठ्या नळांतून खाली खोपोलीत आणलं आणि त्या पडत्या पाण्यावर मुंबईच्या गिरण्यांसाठी वीज केली. घाट उतरणाऱ्या ट्रकचा ब्रेक तापला तर काय होतं, हे इथल्या ड्रायव्हरांच्या मुलांना शाळेत जाण्याआधीच कळलेलं असतं.

आमच्या गाडीत हेच सगळं लहान मापात होतं. किराणा दुकानातल्या काट्यावर ती हलकी भरली, म्हणून भाचीनं तिला खालून लोखंडी वायसर चिकटवले. ते मागच्या बाजूला, कारण मागचं वजन उतारावर जरा जास्त उंचीवरून खाली येतं आणि गाडीला तेवढा जोर मिळतो. खिळ्यांवर पेन्सिलीच्या शिशाची पूड चोळली, चाक अडकेनासं झालं. घासणं घाटातल्या ट्रकला वाचवतं आणि आमच्या गाडीला मागं खेचतं, हे तिला समजावावं लागलं नाही. तिचे अब्बू ट्रक चालवतात.

अमेरिकेत या खेळाबद्दल एक जुनी तक्रार आहे. शर्यत मुलांची आणि गाडी बापांची. आपल्याकडं ती तक्रार शाळेच्या प्रोजेक्टपाशी येते. थर्माकोलचा किल्ला आई रात्री जागून करते, नाहीतर स्टेशनरीच्या दुकानात तयार मिळतो. ज्याच्या खिशात पैसे, त्याचा किल्ला मोठा. मुलाच्या वाट्याला फक्त तो उचलून शाळेत नेण्याचं काम उरतं. ठोकळा सगळ्यांना सारखा द्यायचा आणि काम मुलानं करायचं, या दोन अटी शाळांनी घातल्या तर खर्च काहीच नाही. पॅकिंगची फळी, खिळे, पॉलिश पेपर. उतार तर आमच्या तालुक्यात फुकट आहे.

भाचीच्या गाडीची एक बाजू जाड राहिली आहे आणि रंग खिडकीबाहेर ओघळला आहे. ती सरळ धावते.