पिवळ्या-काळ्या पट्ट्यांची कॅसेट

२३. उल्हासनगरहून बदलापूरला जाणाऱ्या लोकलमध्ये लेखकाच्या मित्राच्या हाती असलेली ही कॅसेट म्हणजे स्ट्रायपर या कॅलिफोर्नियाच्या ख्रिस्ती मेटल बँडची पहिली ध्वनिमुद्रिका, ‘द यलो अँड ब्लॅक अटॅक’ (१९८४). तीत सहाच गाणी होती. १९८६ साली ती नव्याने मिक्स करून आणखी दोन गाण्यांसह पुन्हा काढली गेली. त्याच वर्षीच्या ‘टू हेल विथ द डेव्हिल’च्या दहा लाखांवर प्रती खपल्या आणि बहुतेकांना बँड माहीत झाला तो त्या गुळगुळीत अल्बममुळे. माझ्या मते खरा जीव या पहिल्या सहा गाण्यांत आहे. मायकेल स्वीट आणि ऑझ फॉक्स यांच्या गिटारी एकमेकींना बिलगून धावतात. मायकेलचा आवाज वरच्या पट्टीत चढतो तेव्हा तो सजवायची घाई कोणी केलेली नाही. पोरांना काहीतरी सांगायचे आहे आणि त्यांना थांबवत नाही, हे ऐकताक्षणी कळते. मंचावरून ते प्रेक्षकांत बायबल फेकत. त्यावर टीव्हीवरचे धर्मोपदेशक जिमी स्वॅगर्ट यांच्यासारखे लोक चिडले. भक्ती कुठल्या चालीत शोभते हा वाद आपल्याकडेही अनोळखी नाही: १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेल्या रेव्हरंड ना. वा. टिळकांनी ख्रिस्ताला कीर्तनात आणि भजनात आणले. लेखकाने मूळ मजकुरात या कॅसेटला ‘गोंगाट’ म्हटले आहे. तो शब्द तसाच ठेवला आहे, पण संपादक त्याच्याशी सहमत नाही. — संपादक