चहा देणारी माणसं

‘समुपदेशकाकडे जायला मी काय वेडा आहे?’ असं आपण सहज म्हणतो. त्यावरून एक गोष्ट सांगतो.

चॅड वारा हे इंग्लंडमधले धर्मगुरू. १९३५मध्ये त्यांनी पहिला अंत्यविधी केला, तो चौदा वर्षांच्या मुलीचा. पहिली पाळी आली, तिला तो गुप्तरोग वाटला आणि तिने जीव दिला. विचारणार कोणाला?

२ नोव्हेंबर १९५३ला वारांनी लंडनच्या आपल्या चर्चमध्ये खचलेल्यांसाठी टेलिफोन सुरू केला. माणसं भेटायलाही येऊ लागली. ताटकळणाऱ्यांना चहा द्यायला, सोबत बसायला स्वयंसेवक आले. वारांच्या लक्षात आलं, की कित्येकजण त्यांच्याशीच बोलून हलके होतात आणि आपल्याला न भेटताच घरी जातात. १९५४मध्ये त्यांनी ऐकण्याचं काम स्वयंसेवकांवरच सोपवलं. हीच ‘समॅरिटन्स’ संस्था.

ती मुलगी वेडी नव्हती. तिला न रागावता ऐकणारं, दोन शब्दांत भीती घालवणारं माणूस हवं होतं. समुपदेशक म्हणजे त्याचं शिक्षण घेतलेलं माणूस. घरच्यांपाशी जे ओठांवर येत नाही, ते तिथे बोलता येतं.

आपल्याकडे २०२२पासून ‘टेलि-मानस’चा १४४१६ हा मोफत क्रमांक आहे. मराठीत बोला. आजारी पडायची वाट कशाला पाहायची?